खिळ्यांचा पट्टा

सोमवार. तुळशीचं लगीन झालं त्याच्या दुसऱ्या दिशी

पयली आली हिराबाई. पायात चप्पल न्हाई. "शांताबाय, ऐकलंस का, आपल्या उसात बिबट्या शिरलाय!" तिच्या मागनं तिचा दीर, त्याच्या मागनं दूधवाला. परत्येकाचा बिबट्या येगळा. हिराबाईचा म्हशीएवढा, दूधवाल्याचा मांजरावानी. दीर म्हणला, मला त्याची नुसती शेपटी दिसली, पण लई लांब व्हती. चांदे गावाकडचा ऊस तुटला म्हणून हिकडं आला म्हणत्यात.

सगळ्यात शेवटी जंगलखात्याची दोन माणसं. बांधावरचं ठसं बघितलं, फोटू काढलं, चहा घेतला. बिबट्याच हाय म्हणाले. पिंजरा आणतो, तवर सांजच्याला बाया-पोरांनी एकटं फिरू नका.

माझ्या डोळ्याम्होरं पयली नीमा आली. वरच्या खोलीत ऱ्हाती ती. आफ्रिकेतली हाय, टांझानिया म्हणून देश. हिंजवडीकडच्या कालेजात औषधाचं शिकाय एकटी आलीया. कालेज सुटून फाट्यावर उतरस्तोवर अंधार पडतो आन् फाट्यापासनं आमच्या दारापतुर दोनी अंगाला ऊस. सगळी लाईट गावात, हिकडं एक खांब, तोबी बंद.

मंगळवार

हिराबाई म्हणती, "तिला काय सांगतीस बिबट्याचं? त्यांच्याकडं सिंव्ह दारात बसत्यात."

माझी सून मंगल, तिला हिंदी येतं, तिनं नीमाला सांगितलं. पोरगी ही मोठालं डोळं करून बघाय लागली. तिनं सिंव्ह टीव्हीवरच बघितलाय. तिच्या घराला लागून समुद्र, मासळीबाजार, उंच उंच बिल्डिंगा. शेळीला पयला हात तिनं आमच्या गोठ्यात लावला, आन् शेळी हलली तशी किंचाळून पळाली. ते आठवून ती आन् मी लई हसलो.

ती रोज सांजचं वहीत लिहिती. ते बघून मीबी लिहाय घेतलं. चौथी झालीया माझी, अक्षर कोंबडीचं हाय, पण हाय.

बुधवार

आज काठी आन् ताट घिऊन फाट्यावर गेले. ताट वाजवत आलं की जनावर लांब जातं. शिक्सीटर रिक्षातनं नीमा उतरली, मला बघून लाजली. "आजी, तुमी का आला?" मोडकंतोडकं मराठी बोलाय लागलीया.

फाट्यावरच्या टपरीला गाड्या लावून पोरं बसत्यात. तिला बघून कायतरी बोलली आन् फिदीफिदी हसली. नीमानं इचारलं, "ते काय बोलतात?" मी म्हणले, "काय न्हाई, येडी हायेत." तिला समजत न्हाई असं न्हाई.

तिचा हात मी धरला व्हता. टपरीपाशी तिचा हात गार पडला. उसापाशी माझा. ती बिबट्याला भेती, पण माणसांना जास्त. कुटल्या मुलखात आलीया पोर.

शुक्रवार

काल नीमानं त्यांचं जेवण केलं. मक्याच्या पिठाची उकड, पण घट्ट, हातानं मुटका करून भाजीसंगं खायची. मी दोनदा घेतली. मंगलनं नाक मुरडलं, मग तिनंबी घेतली.

रेंज मिळावी म्हणून नीमा गच्चीवर जाऊन आईला फोन लावती. काल मलाबी फोनात दाखवलं. तिची आई माझ्यापेक्षा किती तरणी! तिनं छातीवर हात ठेवून कायतरी म्हटलं. नीमा म्हणली, आई म्हणते माझी मुलगी तुमच्याकडं आहे. मीबी छातीवर हात ठेवला. दुसरं काय करणार. बिबट्याचं नीमानं आईला सांगितलं न्हाई, मला डोळ्यानं गप ऱ्हा म्हणली.

आन् आज सकाळी हिराबाईची शेळी गेली. दावं तसंच, शेळी न्हाई.

कासारसाईला माझा धाकटा भाऊ सोपान, मेंढरं हायेत त्याची. फोन केला. म्हणला, "आक्का, ते जनावर मानंला धरतं. तुझी भावजय सखू गवताला जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालती. तू त्या पोरीला घाल की."

मला का सुचलं न्हाई! आमच्या मोत्याचा पट्टा माळ्यावर हाय. सोपाननंच दिलेला कुत्रा. बिबट्यानं त्याला धरला तवा खिळं तोंडात घुसलं आन् सोडून पळाला. तसला पट्टा पैसं दिऊन मिळत न्हाई. काढला, पुसला, तेल लावलं. पोरीच्या मानंला टोचू नये म्हणून आतनं हिरवा खण शिवला. लुगड्यासंगं आलेला, ठेवणीतला. दिसभर शिवत बसले. लई भारी दिसतोय.

शनिवार

काय झालं ते नीट लिहिते.

नीमाची मैत्रीण आली व्हती, तिच्याच देशातली, मारुंजीला खोली घिऊन ऱ्हाती. मी चहा दिला आन् पट्टा आणला. नीमाच्या म्होरं धरला. म्हणले, घाल. मानंवर हात फिरवून दावलं, हितं. ती हसतच व्हती. हातात घेतला, उलटा केला. कडंला मोत्याचं केस अडकल्यालं ऱ्हायलं व्हतं. मला मेलीला दिसलं न्हाई.

मैत्रीण उठून उभीच ऱ्हायली. मंगलला हिंदीत म्हणली, "ये कुत्ते का है?" मंगल आपली म्हणली, "हां, हमारे मोती का."

नीमानं पट्टा हळूच खाटंवर ठेवला. जशी गरम वस्तू ठेवावी. डोळ्यात पाणी. मी म्हणले, "अगं बिबट्या... मान..." मंगलला म्हणले सांग की, सांग. मंगल सांगाय लागली तवर त्या दोघी जिन्यात. नीमा पिशवी भरून मैत्रिणीसंगं गेली.

मंगलनं मला सांगितलं, मैत्रीण काय म्हणली ते. रस्त्यावर कुत्र्यासारखं हाकलतात, आता घरातबी पट्टा घालतात का.

चहा तसाच ऱ्हायला.

रविवार

मंगलनं फोन केला, उचलला न्हाई. परत केला. न्हाई.

हिराबाई म्हणती, "बरं झालं गेली, उगा जोखीम." मी म्हणले, "तुझी शेळी गेली तवा म्हणाले का मी, बरं झालं?" तर फुगून गेली.

मारुंजीत बिबट्या न्हाई, चांगलंच हाय. पण तितं रस्त्याला टेम्पो, गाड्या, माणसं. तिथली टपरी हितल्यापेक्षा मोठी. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. तिच्या आईनं छातीवर हात ठेवला व्हता.

सोमवार

पिंजरा आला. बांधाला ठेवला, आत शेळी, तिच्याम्होरं चारा-पाणी. ती वरडत ऱ्हाती. जंगलवाले म्हणाले रविवारी येऊन बघतो, मधी कुणी जवळ जायचं न्हाई.

मंगलला नीमाचा मेसेज आला. उद्या सांजच्याला पुस्तकं न्यायला येणार. सांजच्यालाच! मंगलनं लिहिलं दिसाढवळ्या ये, त्यावर कालेज आहे म्हणली.

सोपानला सांगून सखूचा जादाचा पट्टा दूधवाल्याच्या गाडीवर मागवून घेतला. माझ्या मापाचा. त्याच्या आतबी खण लावला. तोच हिरवा, उरलेला.

मंगळवार

पट्टा घालून फाट्यावर गेले. नऊवारी, काठी, ताट आन् गळ्यात खिळं. टपरीवरची पोरं बघतच ऱ्हायली. मग एक म्हणला, "आजी, कुणी बांधलं तुमाला?" सगळी हसली. तेच हसणं.

मी म्हणले, "तुझ्या मामीला इचार रं, गवताला जाताना ती गळ्यात काय घालती. हास तिला." त्याची मामी सोपानच्या वाडीतली. त्यानं मान खाली घातली, बाकीच्यांनीबी.

तवर नीमा आन् मैत्रीण उतरल्या व्हत्या. माझ्या मागंच. सगळं बघितलं त्यांनी.

नीमा जवळ आली. खिळ्याला बोट लावलं. "दुखतं?" मी म्हणले, "न्हाई गं, आत खण हाय." तिनं पट्ट्याची कड उलटी करून बघितली. हिरवा खण बघून लई येळ बोट तितंच ठेवलं. मग मैत्रिणीला त्यांच्या भाषेत कायतरी सांगत ऱ्हायली. मैत्रीण हसली न्हाई, पण रागावलीबी न्हाई.

मी म्होरं ताट वाजवत, त्या दोघी मागं. पिंजऱ्यातली शेळी वरडली तवा दोघींनी माझा पदर धरला. मी ताट थांबू दिलं न्हाई. माफी मागायची व्हती. तेवढ्यालाबी मंगल लागती मला.

घरी मंगलनं सांगितलं. मोत्याचं, सखूचं, माझंबी. मैत्रिणीनं इचारलं, मोत्या कुटं हाय? मंगल म्हणली, म्हातारा होऊन मेला. मैत्रीण मोत्याच्या पट्ट्याकडं बघत ऱ्हायली. खुंटीला अडकवलाय मी. नीमानं बघितला, हात लावला न्हाई. चहा घेतला दोघींनी, सगळा.

पुस्तकं घेतली. तिचा उकड घोटायचा लाकडी डाव तेवढा ऱ्हायला, इसरली का मुद्दाम ठेवला, ठाऊक न्हाई. माझा लेक दोघींना गाडीत घालून मारुंजीला सोडून आला.

सोपानला फोन केला, दोन पट्टं अजून कर. कोऱ्या चामड्याचं. कुत्र्याचं नको. दोनच खण ऱ्हायलेत, एक दुसरा हिरवा, एक जांभळा.

पिंजऱ्यात बिबट्या अजून घावला न्हाई.

दोघी जाताना जिन्यात म्हणाल्या, आजी, येतो. ऱ्हायला का नुसतं भेटाय, ते मी इचारलं न्हाई. उजेडात या एवढंच म्हणले. रविवारी येतो म्हणाल्यात.