सोळा वाफ्यांवरचा पाला

॥ श्री ॥
मावीनकेरी, ता. सिद्धापूर
१० जानेवारी १९७१

तीर्थरूप शंभूमामांस भुवनेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मांडीचं हाड सांधेपर्यंत दोन महिने खाटेवर पडून राहायचं, हे वाचून मला तुमच्यापेक्षा मामीची काळजी वाटली. वाघ माजघरात बांधून ठेवायचा आणि वर त्याला वेळेवर कषाय करून द्यायचा, हे तिनंच करावं.

आता इकडचं. मागच्या रविवारी थोरल्या भावजींनी, महाबळभावजींनी, मला रानात मारलं. पाल्याची टोपली डोक्यावर होती. त्यांनी मागून येऊन टोपलीवर काठी हाणली आणि मी सावरायच्या आत कमरेत लाथ घातली. मी एका खुंटावर पडले. डाव्या कुशीत अजून श्वास घेताना कळ येते. वर मलाच विचारतात की हे रान काय तुझ्या बापानं लावलंय का.

पंच बसले तेव्हा तुम्ही खाटेवर होतात, म्हणून सगळं लिहिते. दिवाळीत सुपारी उतरवताना हे झाडावरून पडून गेले. पंचांनी बाग भावजींकडे ठेवली आणि घरामागचे सोळा वाफे मला दिले. पण एका अटीवर. आमच्या गावात उघडा राहिलेला वाफा मालकानं सोडला असं धरतात. म्हणून शिमग्यापर्यंत सोळाच्या सोळा वाफे रानातल्या पाल्यानं झाकायचे, आणि झाकायचे मीच. एक जरी उघडा राहिला तरी वाफेही गेले आणि घरातली जागाही गेली. मग माहेरी जायचं. माहेर म्हणजे तुमच्या ओसरीचा कोपरा. तुम्ही तो आनंदानं द्याल हे मला ठाऊक आहे, पण बारा वर्षं मी या घरात राबले, आणि मला इथून उठायचं नाही.

सासूबाई माझ्या बाजूनं आहेत. सत्तरी उलटली, कमरेत वाकल्या, तरी मला मारलं त्या संध्याकाळी त्यांनी ताकाची रवी उचलून थोरल्या लेकाच्या नडगीवर अशी हाणली की तो दोन दिवस लंगडत होता. मला म्हणाल्या की रवीला काही झालं नाही ना ते आधी बघ.

वाफे झाकायचं काम दर वर्षी हेच करायचे. मला पाला वाहायचा एवढंच माहीत. कसा घालायचा, किती घालायचा, ते सविस्तर कळवा. मामीला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी ठेवा, एवढंच मागते.

तुमची भाची,
भुवना

॥ श्री ॥
होसगद्दे, ता. शिरसी
१६ जानेवारी १९७१

चि. भुवनेश्वरी हिस शंभूमामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र मामीनं वाचून दाखवलं. लाथेच्या ओळीपर्यंत आली आणि मी खाटेवरून उठायला गेलो. तिनं माझ्या छातीवर उलथनं टेकवलं आणि मला परत आडवा केला. नाहीतर कोयता घेऊन मी सिद्धापूरची बस धरली असती. पाण्याच्या पाटावरून मी माझ्या सख्ख्या चुलतभावाचा कान उतरवला होता, ते तू लहानपणी ऐकलं असशील. तो अजून लग्नकार्यात माझ्या उजवीकडे बसत नाही.

आता पाल्याचं. आधी वाफा वीतभर खणून तण मुळासकट काढ. मग पाणी दे, भरपूर दे. कोरड्या मातीवर पाला घातलास तर आत कोरडंच राहील, वरचं पाणीही खाली उतरणार नाही. पाणी मुरलं की दुसऱ्या दिवशी वाळक्या पानांचा पातेरा घाल. चार बोटं जाड, त्याहून जास्त नको, नाहीतर आत उंदीर बाळंत होतील. मोठी पानं हातानं चुरून घाल, अख्खी पानं एकावर एक चिकटून बसतात. वांगी, मिरची असेल तिथे बुंध्याभोवती पंजाएवढी जागा मोकळी सोड. बायका मायेनं पार गळ्याशी पाला ओढतात, आणि मग बुंधा कुजला, वाळवी लागली म्हणून रडतात. हिरवा पाला नको, तो तापतो आणि मुळं भाजतात. वरून सुपारीच्या झावळ्या दाब म्हणजे वारा उडवणार नाही. आणि टोपली ओतण्याआधी काठीनं ढोसायची. फुरसं पातेऱ्यातच असतं.

पाल्याचा दातेरी फावडा लोखंडी दातांचा असेल तर तो एकटी असताना हातातून खाली ठेवू नकोस. तो पाला ओढायलाही चालतो.

मामी सांगते की कुशीला हळद आणि बोळाचा लेप लाव. खुशाली कळवत जा, म्हणजे खाट मला थोडी कमी टोचेल.

तुझा,
शंभूमामा

॥ श्री ॥
मावीनकेरी
५ फेब्रुवारी १९७१

ती. शंभूमामांस शि. सा. न. वि. वि.

नऊ वाफे झाकून झाले. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सासूबाई बांधावर बसून पानं चुरून देतात आणि मी पसरते. चौथ्या दिवशी पाला बाजूला करून बघितला तर खाली माती तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी मऊ आणि ओलसर. हरिव्याची म्हणजे माठाची भाजी वीतभर वर आली आहे. सासूबाईंनी तिची ताकातली तंबुळी केली आणि भावजींच्या पानात मुद्दाम वाढली. म्हणाल्या की खा, सुनेच्या वाफ्यातली आहे.

त्यांनी ताट भिंतीवर फेकलं. दुसऱ्या दिवशी बैलाचं दावं सोडून त्याला माझ्या वाफ्यांत घातलं. मी फावडा घेऊन बैलाच्या आडवी गेले. भावजींनी माझे केस धरून मला बांधापर्यंत फरफटत नेलं. मग मी फावडा फिरवला. मामा, मी बघून मारलं नाही, पण लागला तो गालावर. तीन दातांच्या तीन ओळी, कानापासून ओठापर्यंत. रक्त बघून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्यांनी माझ्या डाव्या मनगटावर टाच दिली, आणि ते हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला. मग ते गाल धरून आत गेले.

मनगट फळीला बांधलं आहे. एका हातानं पाला ओढते. पण आता वेगळंच सुरू झालं आहे. मी दुपारी जेवायला घरात गेले की रचलेल्या ढिगातला पाला नाहीसा होतो. भावजी तो उचलून आपल्या बागेत टाकतात. सात वाफे बाकी आहेत. दोनदा ढीग रचला, दोनदा गेला. काहीतरी सुचवा. माझं डोकं आता फक्त मारामारीच्या दिशेनं चालतं.

आपल्या मायेची,
भुवना

॥ श्री ॥
होसगद्दे
१० फेब्रुवारी १९७१

चि. भुवनेस अनेक आशीर्वाद.

मनगटाचं वाचून रात्रभर दात खात होतो. मामी सारखी विचारत होती की काय चावताय. तू मारलंस ते छान केलंस. तीन ओळी कमी झाल्या, पुढच्या वेळी फावडा आडवा धर.

चोराचं सांगतो. तुमच्या रानाच्या वरच्या अंगाला रानबिब्ब्याची दोन झाडं आहेत, लग्नाच्या वेळी मी बघितली होती. जाता येता तुम्ही लोक त्यांना हात जोडून लांबून जाता. त्यांच्या पाच-सहा डहाळ्या तोड आणि मोडून ढिगाच्या वरच्या थरात चीक लागेल अशा मिसळ. हिरवं झाड कोणीही ओळखतो, पण पातेऱ्यात मिसळलेलं पान आंब्याच्या पानासारखंच दिसतं. तुझ्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपड, फडकं गुंडाळ, आणि वाफ्यावर घालायच्या वेळी तो थर कोयत्यानं उचलून लांब टाक. महाबळ ढीग कवेत घेऊन उचलेल ना, मग त्याचे हात फणसासारखे फुगू देत. पंधरा दिवस त्याला स्वतःचं धोतर नेसता येणार नाही. तेवढ्यात तुझे सात वाफे होतील.

हे लिहिताना मी आज पहिल्यांदा हसलो. मामीला सांगितलेलं नाही. झालं की लगेच कळव, मी वाट बघतो.

तुझा,
शंभूमामा

मावीनकेरी
२४ फेब्रुवारी १९७१

ती. मामांस,

वर श्री लिहिलेली नाही, त्यावरून तुम्ही समजला असाल. सासूबाई रविवारी गेल्या.

तुम्ही सांगितलंत तसं मी केलं. दोन दिवस ढिगाला कोणी हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी भावजी आले ते उचलायला नाही. त्यांनी ढिगाला काडी लावली. शिमगा तीन आठवड्यांवर आला होता आणि अकरा वाफे झाकलेले त्यांनी मोजले होते. मी रानात होते. धूर बघून धावत आले तेव्हा सासूबाई आगीशी उभ्या होत्या. त्यांनी न्हाणीतली घागर ओतली होती आणि आता हिरव्या फांदीनं ज्वाळा झोडपत होत्या. सगळा धूर त्यांच्या तोंडावर. मी ओरडले की मागे व्हा. त्या म्हणाल्या की तुझा पाला जळतोय ते बघ आधी.

भावजींनीच त्यांना उचलून घरात नेलं. तासाभरात चेहरा सुजला. संध्याकाळी डोळे मिटून गेले, अंगभर फोड आले, दुसऱ्या दिवशी जीभ आणि घसा. तिसऱ्या दिवशी श्वास आत जाईना. मी चमच्यानं पाणी घालत होते आणि ते बाहेर येत होतं. मामा, त्यांनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. फोड आलेल्या बोटांनी धरला होता.

वैद्य म्हणाले की ढिगात रानबिब्बा होता. सगळ्यांनी भावजींकडे बघितलं. लोकांना वाटलं की माझे हात सडावेत म्हणून त्यांनीच तो घातला असणार. भावजी शपथा घेत होते की मी नाही, मी नाही. प्रेत अंगणात असताना शेजारच्या चौघांनी त्यांना खांबाला बांधून मारलं. काठ्यांनी, लाथांनी. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. त्या मोडक्या हातानं त्यांनी आईला अग्नी दिला. पंच म्हणतात की आता वाफे तुझेच, आणि अर्धं रानही तुझं.

मी खाली बघत उभी होते. एक शब्द बोलले नाही.

भुवना

होसगद्दे
२८ फेब्रुवारी १९७१

चि. भुवनेस,

काय लिहू. आगीचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चोर हातानं उचलेल एवढाच मी विचार केला. साठ वर्षं या रानात काढली, बिब्ब्याचा धूर काय करतो ते मला माहीत होतं. मी हसत बसलो होतो.

पण माझं ऐक. काडी त्यानं लावली. तू लावली नाहीस. तुझ्या फासळ्या, तुझं मनगट कोणी मोडलं ते आठव. आता गप्प राहा. तू बोललीस तर वाफे जातील, घर जाईल, आणि तो तुला जिवंत ठेवणार नाही. गेलेली बाई काही परत येणार नाही, आणि तिला तरी तू त्या घरात राहायला हवी होतीस. माझी पत्रं चुलीत घाल. मामी विचारते की भुवनेचं काय आलं, आणि मी तिला सांगतो की डोळे दुखतात, नंतर वाचू.

मी आजवर कोणाची विनवणी केलेली नाही. तुझी करतो.

शंभूमामा

मावीनकेरी
१३ मार्च १९७१

ती. शंभूमामांस नमस्कार.

तुमची पत्रं चुलीत घातली. तेवढं तुमचं ऐकलं.

तेराव्याची जेवणं झाली. पंच, सोयरे, सगळे ओसरीवर होते. भावजी खाली अंगणात बसले होते, कारण त्यांच्या पंक्तीला कोणी बसेना. त्यांच्या पानात वाढायलाही कोणी जाईना. मी वाढायला गेले आणि माझ्याच्यानं पळी धरवेना. मी तिथेच उभी राहून सांगितलं की रानबिब्बा मी घातला होता, चोरासाठी घातला होता. तुमचं नाव घेतलं नाही. कोणी शिकवलं असं पंचांनी तीनदा विचारलं. मी म्हटलं की मला कोणी शिकवायला लागत नाही.

भावजी उठले. डाव्या हातानं त्यांनी माझ्या कानाखाली मारलं. मी पडले तर उठवून पुन्हा मारलं, आणि मग पुन्हा. कोणी अडवलं नाही, मीही हात वर केला नाही. उजव्या कानानं आता ऐकू येत नाही, आत नुसतं पाणी वाहिल्यासारखं वाटतं. मग त्यांनी खांबाला खोचलेला कोयता काढला. मला वाटलं की झालं. पण ते कोयता मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

पंच म्हणाले की आता वाफ्यांचं बोलणंच नको, हिला उद्या होसगद्द्याला पोचवा. तेव्हा भावजी बोलले. म्हणाले की शिमग्याची अट आहे ती आहे. तिला झाकू द्या.

पाच वाफे होते, एक हात होता आणि सात दिवस. मी खणलं, पाणी घातलं, पाला ओढला. चुरून द्यायला कोणी नव्हतं, म्हणून पायांनी तुडवून चुरला. भावजी रोज बांधावर येऊन बसायचे, कोयता मांडीवर. हात लावला नाही, उठूनही गेले नाहीत. परवा संध्याकाळी सोळावा वाफा झाकून झाला. काल पंचांनी येऊन बोटानं पाला उचकून बघितला.

मी पंचांना म्हटलं की वाफे राहू देत, मला मामाकडे पाठवा. होय, मीच म्हटलं. भावजी म्हणाले की नाही. ती कुठेही जाणार नाही. आईला आम्ही दोघांनी मिळून मारलं आहे, आता ती मला रोज बघेल आणि मी तिला रोज बघेन. ती शिजवेल आणि मी जेवेन. मग मला म्हणाले की सोळा वाफे तुझे आहेत, जा, पाणी घाल.

मी पाणी घालते आहे. पाल्याखाली सगळं ओलं आहे, मिरची धरली आहे.

मामा, पाय बरा झाला तरी इकडे येऊ नका. कोणी शिकवलं हे ते रोज जेवताना विचारतात, आणि तुम्हाला दारात बघितलं तर माझं तोंड मला आवरणार नाही. लोभ आहेच. तो तिथूनच असू द्या.

भुवनेश्वरी