रुंद भिंग आणि कडेची जागा

आई, गेले आठ दिवस आपल्या दुकानात एक परकं भिंग आहे आणि ते ठेवायचं की परत करायचं, हे मला उद्या सकाळच्या गाडीपर्यंत ठरवायचं आहे. मुंबईला फोर्टातल्या दुकानदारानं ते वापरून बघायला दिलं आहे. पटलं तर ठेवा, नाही तर शनिवारी आणून द्या, म्हणाला. दिसायला आपल्या भिंगापेक्षा लहान आहे, पण कॅमेऱ्याला लावलं की समोरचं सगळं आत घेतं. आपल्या भिंगात ओटा मावतो, याच्यात ओट्यासकट विहीर आणि गोठाही मावतो, आणि त्यासाठी कॅमेरा एक पाऊलही मागं न्यावा लागत नाही. याला वाइड अँगल म्हणतात. तू असतीस तर एवढी माणसं एवढ्याशा काचेत मावतात कशी, असं विचारलं असतंस. मग बाबांनी खडू घेऊन फरशीवर दोन रेषा काढून दाखवल्या असत्या आणि तू हं हं म्हणत चुलीकडं वळली असतीस.

दुपारची वेळ आहे. दुकान बंद करून मी आतल्या खोलीत बसलो आहे. तू ज्या परातीत फोटो धुवायचीस ती परात अजून इथंच आहे. तिच्यात पुन्हा कधी पीठ मळायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. तू मात्र एकदा घाईत मळलं होतंस आणि त्या दिवशी आम्ही दोघं काही न बोलता भाकरी खाऊन उठलो होतो.

मला ते लढाईच्या काळातले दिवस आठवतात. कापड रेशनवर आणि फोटोच्या काचेच्या प्लेटा तर मिळेनातच. एका कुटुंबाला एकच प्लेट, चुकली तर दुसरी नाही. टांग्यात पुढं बाबा, मागं तू आणि मी. कॅमेऱ्याचं तिकाटणं माझ्या पायाशी आणि काळं कापड घडी करून तुझ्या मांडीवर. पापडीकडच्या वाड्यांत फोटो काढणं सोपं नव्हतं. घरासमोर अंगण म्हणजे चार हात जागा, लगेच विहीर, आणि विहिरीला लागून केळी. बाबा कॅमेरा घेऊन मागं सरकत सरकत पाटाच्या पाण्यात पाय घालून उभे राहायचे, तरी दोन्ही कडांची माणसं बाहेरच राहायची. एका घरी तर मालकानं स्वतःच कोयता आणला. दोन केळी उडवतो, म्हणाला, मग या खुशाल मागं. बाबा हो म्हणणार इतक्यात तू पुढं झालीस. "घड यायचाय तिला. केळ कापून काय मिलनार? मानसं जवल घ्या," म्हणालीस. बाबा तुझ्या खाडीकडच्या बोलण्याला हसायचे, पण त्या दिवशी हसले नाहीत. केळी वाचल्या.

माणसं जवळ घेणं हे तुझंच काम होतं. बायकांना हात लावून सरकवणं बाबांना शक्य नव्हतं, आणि नुसतं सांगून कोणी सरकत नव्हतं. धाकटी भावजय मोठ्या दिराच्या जवळ उभी राहायची नाही. सासरा बसलेला असला की सुना थेट गोठ्याच्या भिंतीपर्यंत मागं जायच्या. तू मधे एखादं मूल स्टुलावर उभं करायचीस, नाही तर सासूबाईंनाच मधे आणायचीस, म्हणजे सगळ्यांची अडचण सुटायची. आणि मग तुझं ते ठरलेलं वाक्य यायचं, "अगो, आत सर. फोटोत कुनी कुनाला चावत नाय." बायका हसायच्या, आणि हसताना माणूस आपोआप एक पाऊल आत येतो, हे तुला कुठून कळलं होतं कोण जाणे. एकमेकांशी बोलत नसलेले भाऊसुद्धा त्या क्षणी खांद्याला खांदा लावून उभे असायचे. तू डावीकडं, चौकटीच्या जरा बाहेर थांबायचीस. बाबा भिंगावरचं झाकण काढणार तेवढ्यात एखादी परत बाहेर सरकली की तुझा हात पुढं जायचा.

म्हणूनच तू आमच्या एकाही फोटोत नाहीस. फक्त एका प्लेटेत तुझा हात आला आहे. ज्या घरच्या केळी वाचल्या, त्याच घरचा तो फोटो. डाव्या कडेला थोरल्या सुनेच्या खांद्यावर चार बोटं आणि बांगड्या. मनगटानंतर प्लेट संपते. बाबांनी तो भाग कापून फोटो दिला, काच मात्र जपून ठेवली.

तू गेल्यावर काही वर्षं आम्ही कसंबसं निभावलं. मला लोकांना सरकवता येत नाही. माझा आवाजच निघत नाही, हे तुला माहीत आहे. मागच्या वर्षी गोखिवऱ्याच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा मामा फोटोत अर्धाच आला. तो दुकानात आला, फोटो माझ्यापुढं ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "आहेर पुरता घेतला हो माझ्याकडनं. फोटोत मामा अर्धाच?" त्यानंतर त्या बाजूची दोन लग्नं विरारच्या फोटोवाल्याकडं गेली. तेव्हा बाबाच म्हणाले, वाइड अँगल बघून ये. मी म्हटलं, इतकी वर्षं नव्हतं तरी चाललं ना. बाबा खिडकीपाशी बसून निगेटिव्हवरचे डाग झाकायला पेन्सिल फिरवत होते. मान वर न करता म्हणाले, "तेव्हा आपल्याकडे तुझी आई होती. आता भिंग घ्यायला हवं."

ते भिंग मी आधी मागच्या परसात लावून बघितलं. बाबांना कडेला खुर्चीवर बसवलं आणि शेजारच्यांना मधे उभं केलं. सगळे आले, परसातला आंबाही आला. पण या भिंगात कडेचं माणूस रुंद होतं. बाबांनी ओला फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "माझा भोपळा केलास. हे वधूपक्षाला दाखवू नकोस, मोडेल लग्न." आणखी एक, या भिंगातून उजेड कमी येतो, त्यामुळं सावलीत माणसांना जास्त वेळ न हलता उभं राहावं लागतं. पण हे दोष सांभाळून घेता येतात. कडेला माणसं न ठेवता झाडं ठेवायची. मुलांना मोठ्यांच्या हाताशी उभं करायचं, म्हणजे हलणार नाहीत. हिशेबानं पाहिलं तर भिंग ठेवावं, असंच मला वाटत होतं.

काल पापडीला गेलो, आई. त्याच घरी. तो कोयतेवाला मालक आता नाही. त्याचे तिघे मुलगे वाडी वाटून घेत आहेत. मोजणी झाली आहे. विहीर तिघांत, बाकी सगळं वेगळं. वाटणीआधी सगळ्यांचा एक फोटो असावा, असं थोरल्यानं ठरवलं. मी पोचलो तेव्हा तिघांची कुटुंबं अंगणात तीन ठिकाणी उभी होती. मधे एवढी जागा की गाय बांधता यावी. नव्या भिंगात सगळं येतं, एवढंच त्यांना सांगितलं. कुणाला सरकवायची गरज नव्हती, भिंग होतं ना. कॅमेरा विहिरीच्या या बाजूला लावला आणि कापडाखाली शिरलो. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर सगळे उलटे लटकलेले दिसले, तिन्ही कुटुंबं, मधल्या दोन्ही रिकाम्या जागा, आणि कडेला आणखीही बरंच काही. कुणी सुटलं नव्हतं. मी थोडा वेळ तसाच बघत राहिलो. मग बाहेर आलो, ते भिंग काढलं आणि आपलं जुनं लावलं. का, ते शेवटी सांगतो.

जुन्या भिंगात मधलं कुटुंब तेवढं दिसत होतं. मी म्हटलं, जवळ यावं लागेल. थोरला म्हणाला, "नव्या भिंगात सगळं येतं म्हणालात ना?" मी म्हटलं, येतं. कोणी हलत नव्हतं. धाकटा तर घड्याळ बघायला लागला होता. आणि मग माझ्या तोंडून तेच निघालं, तुझ्याच बोलीत, "आत सरा. फोटोत कुनी कुनाला चावत नाय." मला स्वतःलाच लाज वाटली. पण थोरल्याची बायको, तीच जिच्या खांद्यावर तुझी बोटं आहेत, एकदम हसली. "आईची बोली उचललीत की," म्हणाली. आणि तिनंच हात लांब करून धाकट्या जावेला दंडाला धरून ओढलं. त्यांच्या मागं भाऊ सरकले. मुलं मधे घुसली. मी झाकण काढलं, मनात आकडे मोजले, झाकण लावलं. झाल्याबरोबर सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. धाकट्यानं लगेच मजुरांना कुंपणाचे खांब कुठं रोवायचे ते दाखवायला सुरुवात केली. फोटोनं काही बदललं नाही, ते मला कळतं.

आज सकाळी तो फोटो परातीत धुतला. चांगला आला आहे. दाटीवाटीनं उभे आहेत, एकाचा कान दुसऱ्याच्या टोपीआड गेला आहे, पण सगळे आहेत. ते भिंग मी उद्या परत करीन. बाबांना सांगितलं, कडेची तोंडं फुगतात, गिऱ्हाइकं तक्रार करतील. ते हं म्हणाले आणि पेन्सिल फिरवत राहिले. त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही. पुढच्या लग्नात कुणाचा मामा अर्धा आला तर ते मला हे ऐकवतील, आणि ते बरोबरच असेल.

खरं कारण तुलाच सांगतो. आपल्या जुन्या भिंगात डावीकडचं शेवटचं माणूस संपलं की काच संपते. इतकी वर्षं कापडाखाली शिरलो की मला वाटायचं, त्या कडेच्या जरा पलीकडं तू उभी आहेस, हात पुढं करायच्या तयारीत. कालच्या भिंगात ती जागाही दिसत होती. विहिरीपाशी धुण्याचा दगड होता, त्याच्यावर ऊन पडलं होतं, आणि तिथं कोणी नव्हतं.