लेडीज सायकलचा पंचनामा

मुक्काम : तेच गाव (वडीगोद्रीपासून पाच मैल आत; नाव लिहायची आज इच्छा नाही)
बाजाराचा दिवस, सकाळ

आदरणीय धर्मराजदादा यांस धाकटी बहीण पुष्पा हिचा सविनय जयभीम.

इकडे सायकल सोडून सर्व क्षेम आहे. तुमची जालन्याच्या मस्तगडातली मंडळी खुशाल असतील, वहिनीचा गुडघा आता जिना चढू देत असेल, आणि तुझे वकीलसाहेब तुला अजून कारकूनच म्हणत असतील, असं धरून चालते. तुझ्या पोटाचं कसं आहे? तिखट कमी कर आणि कायद्याचा सल्ला देणं बिलकुल बंद कर. (वरचं 'आदरणीय' पद्धतीपुरतं आहे. पत्र वाचून संपेपर्यंत ते टिकेल असं समजू नकोस.) माझी तब्येत ठणठणीत आहे. आठवडाभर रोज आठ-नऊ मैल पायी फिरते आहे, तब्येत सुधारणारच. माझी सायकल पोलीस चौकीच्या ओसरीत साखळीने बांधून ठेवली आहे आणि तिच्या सीटवर कोंबडी बसते.

आता राग का आला ते नीट सांगते, म्हणजे तुलाही येईल. माझं उपकेंद्र गावाच्या एका टोकाला, आणि माझ्या सहाच्या सहा वाड्या दुसऱ्या टोकाच्या पलीकडे. मधे एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर बाजार. बाजाराच्या दिवशी रस्त्यात बैलगाड्या सोडलेल्या, गाड्यांच्या मधे मिरचीचे ढीग, ढिगांच्या मधे माणसं. मी घंटी वाजवते. माणसं वळून बघतात, कोण आहे ते बघतात, नर्सबाई आहे, त्यातून आपल्या जयभीमवाल्या वस्तीतली आहे हे बघतात, आणि पुन्हा मिरचीचा भाव करायला लागतात. काकासाहेबांची गाडी तर नेहमी ऐन मधोमध. (काकासाहेब म्हणजे इथले मोठे जमीनवाले. त्यांची जमीन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणून मधला रस्ताही आपलाच असं ते धरून चालतात.) श्रावणात त्यांच्या गाडीवानाला मी चार वेळा सांगितलं, तर म्हणाला, "बाई, बैलाला घंटी कळत न्हाई. थांबा जरा, माल उतरून राह्यलोय." मी थांबले. माल उतरला. पलीकडच्या वाडीत पोचले तेव्हा केशरबाईचं बाळ आलेलं होतं आणि गेलेलंही होतं. नाळ गळ्याला आवळलेली. एक बोट घालून सोडवायची गोष्ट, पण ते बोट बाजारात उभं होतं. केशरबाईने मला बसायला गोणपाट सरकवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

ही हकीकत मी तुझ्या घरी सांगितली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी उठून भंगारबाजारात गेलास आणि तो भोंगा घेऊन आलास, हे मी विसरलेले नाही. म्हणून तर हे पत्र पूर्ण शिव्यांचं नाही. भोंगा चांगलाच होता. मुठीएवढं पितळी यंत्र, पुढच्या चाकाजवळ बसवायचं, साखळी ओढली की त्याचं चाक टायरला टेकतं आणि ते रडायला लागतं. सायकल जितकी जोरात, तितका आवाज वर. दिव्यावर लाल कागद मी स्वतः चिकटवला. सायकलवाल्याने डायनामो ढिला बसवल्यामुळे दिवा लुकलुकतो, त्यात माझी काही हुशारी नाही. आणि मी सावधपणाने तुला पत्र टाकून विचारलं की हे कायद्यात बसतं का. तू उलट टपाली लिहिलंस (अक्षर फार सुंदर होतं): 'सायकल पायाने चालते, कायद्याचे हात तिथवर पोचत नाहीत. बिनधास्त लावणे.'

लावला. पहिल्या बाजाराला साखळी ओढली मात्र, रस्ता असा मोकळा झाला की मलाच वाटलं मागून कुणी मंत्री येतो आहे. इथल्या लोकांनी हा आवाज फक्त तंबूतल्या सिनेमात ऐकलेला. शेवटची मारामारी संपली की पोलीस येतात तेव्हाचा. त्यामुळे काही लोक पळाले आणि काही सिनेमा संपला असं समजून उठून उभे राहिले. काकासाहेबांच्या बैलांना घंटी कळत नव्हती, भोंगा बराबर कळला. गाडीवानाच्या आधी बैलच बाजूला झाले. चहाच्या हॉटेलामागे मटक्याचे आकडे घेणारा बसतो, तो कागद तोंडात घालून मागच्या भिंतीवरून पळाला, गिऱ्हाइकं त्याच्या मागे पळाली, आणि त्या गिऱ्हाइकांच्या मागे आपले साहेबराव हवालदार पळाले.

ते तिथे तपासाला बसले होते असं ते म्हणतात. तपासात टोपी काढून, पट्टा सैल करून, बशीत चहा ओतून बसावं लागत असेल, मला पोलिसी कामातलं काही कळत नाही. जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले असं त्यांना वाटलं. भिंतीवरून उडी मारली ती बरोबर मोरीत. बाहेर येऊन बघतात तो साहेब नाहीत, मी. लसींचा डबा घेऊन, लुकलुकत. सगळा बाजार आधी माझ्याकडे बघत होता, मग त्यांच्या पायजम्याकडे बघायला लागला. (सरकारी चड्डी त्या दिवशी धुवायला होती.) त्या घटकेला मी गुन्हेगार ठरले, दादा. कलम नंतर शोधलं.

म्हणाले, "बाई, लाल दिवा अन् भोंगा पोलिसाचा असतो. तुमाला वापरता येत न्हाई."

मी विचारलं, तुमच्याकडे आहे का? म्हणाले, न्हाई. चौकीच्या गाडीला आहे का? म्हणाले, चौकीला गाडीच न्हाई. मग तुम्ही फिरता कशावर? तर सायकलवर. त्या सायकलला दिवा आहे का? न्हाई. घंटी? ती पडली. मी म्हणाले, मंग मी नक्कल कुणाची केली? नक्कल करायला अस्सल तर पाहिजे. गाढवापुढे वाचली गीता. तुला मागे जालन्यात सायकलला दिवा नाही म्हणून चौकात उभं केलं होतं आणि हिकडे मला दिवा आहे म्हणून उभं केलं. एका घरातली दोन भावंडं, एकच सरकार. आता दिव्याचं आम्ही नेमकं काय करावं ते त्यांनी एकदा ठरवून सांगावं.

पुढे पंचनामा. पंच म्हणून हॉटेलवाला आणि शिंपी. 'एक लेडीज सायकल, काळी, लाल दिव्यासह, आवाज करणारे यंत्र नग एक, आवाज मोठा.' शिंपी म्हणाला, आवाज मोठा हे मी ऐकल्याशिवाय अंगठा देणार नाही. आता हा भोंगा सायकल पळवल्याशिवाय वाजत नाही. मी म्हणाले, चालवून दाखवते. हवालदार म्हणाले, आरोपीनं मुद्देमालाला हात लावायचा न्हाई. म्हणून ते स्वतः बसले. लेडीज सायकलवर, ओल्या पायजम्यात, गुडघे हँडलच्या वर, साखळी ओढून बाजाराला पूर्ण एक फेरी घातली आणि पंच मागून पळाले. भिंतीपलीकडून परत येत असलेला मटकेवाला ते बघून पुन्हा पळाला. मी एकटीच बाजारात शांत उभी होते, आणि तरी शांततेचा भंग मी केला असं लिहिलं.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, हे वकील हायेत का? मी म्हणाले, वकिलाचे कारकून. ते हसले. तुझ्या बहिणीला हसले असते तर मी सोसलं असतं (नाही, सोसलं नसतं, पण म्हणायची पद्धत आहे), तुला हसले हे मला फार लागलं, कारण त्या वेळी हसण्यासारखंच होतं.

मी अर्ज केला. अर्जावर लिहून आलं की सायकल 'कार्यवाहीत' आहे. कोंबडीची कार्यवाही रोज सकाळी एक अंडं. दरम्यान माझ्या सहा वाड्यांत दोघींचे दिवस भरले आहेत, आणि तिसरी खुद्द साहेबरावांची बायको कौसल्या, पहिलटकरीण. ती सासूसह बाजारापलीकडच्या घरात आहे. मागच्या आठवड्यात तिला तपासायला गेले, तर सासू सोनूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या की आमच्यात सुईण घरचीच असती, नर्सबाईचं काय काम. पाणीसुद्धा विचारलं नाही. तरी मी अंगणात उभ्या उभ्या कौसल्याला सांगून आले की बाळ खाली सरकलं आहे, कळा आल्या की लगेच निरोप पाठव. आज पुन्हा बाजार आहे. आज जिला कळा येतील तिच्याकडे मी पायी जाणार, काकासाहेबांच्या गाडीमागे उभी राहणार, आणि मला हातघंटीसुद्धा नाही. गरज सरो वैद्य मरो असं आपण ऐकत आलो. या गावात वैद्याला आधी मारून ठेवतात, गरज सावकाश येते.

मला या सगळ्यांचा राग आला आहे, तुझ्यासकट. राजीनामा लिहून ठेवला आहे. तारीख घातलेली नाही, कारण दर वेळी तारीख घालायला बसते आणि कुणाचा तरी निरोप येतो. वहिनीला जयभीम, मुलांना गोड पापा.

तुझी
पुष्पा

ता. क. पाकिटाला लावायला खळ करत होते तेवढ्यात भोंगा ऐकू आला. दादा, त्या यंत्राचा आवाज सायकलच्या वेगावर चढतो, म्हणून आवाजावरूनच कळलं की चालवणारा घाबरलेला आहे. साहेबराव होते. टोपी नाही, पट्टा नाही, आणि या वेळी तपासही नाही. "बाई, जल्दी चला. आमचं पहाटेपासून अडून राह्यलंय. आई म्हणती सुईणीला जमत न्हाई." मी म्हणाले, मुद्देमाल आरोपीच्या हातात द्या. मी पुढे बसले, ते माझी बाळंतपणाची पिशवी मांडीवर घेऊन मागे कॅरिअरवर. त्यांच्या वजनाने सायकल पळेना आणि भोंगा नुसता कण्हायला लागला, म्हणून त्यांना उतरवलं. ते मागून ढकलत पळाले आणि मी साखळी जी ओढली ती सोडलीच नाही. मिरची बाजूला झाली, माणसं बाजूला झाली, काकासाहेब स्वतः गाडीवर बसलेले होते, तेही बैलांसकट बाजूला झाले. नाळेचे गळ्याला दोन वेढे होते. दहा मिनिटं अजून गेली असती तर श्रावणातलंच झालं असतं. या वेळी बोट वेळेवर पोचलं. मुलगी आहे. आवाज मोठा. मी ओट्यावर बसून थोडी रडले, मला केशरबाई आठवली. सोनूबाईंनी चहा आणला. (कप घरातला होता, मी बघून घेतलं.)

दुसरा ता. क. घाबरू नकोस, पण तुझं ते सुंदर अक्षरातलं पत्र पंचनाम्याला जोडलेलं आहे आणि 'चिथावणी देणारा इसम, राहणार मस्तगड' म्हणून तुझं नाव आहे. साहेबराव म्हणतात, ते पान कोंबडीनं खराब केलं असं लिहून काढून टाकतो. पण त्यासाठी त्यांची एक अट आहे, ती खाली.

तिसरा ता. क. आज ओढून ओढून भोंग्याची साखळी तुटली आणि चाकही झिजलं. म्हणून हा ता. क. भंगारवाल्याकडे जाऊन तसाच दुसरा बघ. मिळाले तर दोन बघ, एक साहेबरावांना पाहिजे, त्यांच्या सायकलला, हीच ती अट. (कायदा काय म्हणतो तेही त्यांनी विचारलं आहे. या वेळी वकीलसाहेबांना विचारून लिही.) खरं सांगू का, दादा, मला भोंगा नकोच आहे. मला नर्सबाईने घंटी वाजवली की बाजूला होणारी माणसं पाहिजेत. तुझ्या भंगारवाल्याकडे तशी असली तर तीच पाठव. नसली तर भोंगा पाठव, आणि साखळी जरा जाड बघ.