तेलाचा थेंब टिकत नाही
मंगळवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

आजही तेच. संगणकातल्या पाण्यात सोडलेला तेलाचा थेंब लहान लहान होत पार नाहीसा झाला. लॅटिस बोल्ट्झमन नावाच्या आकडेमोडीच्या पद्धतीनं संगणकावर तेल-पाण्याचं मिश्रण वाहतं करायचं, एवढाच माझ्या पीएचडीचा विषय. चार वर्षं झाली. चूक माझ्या कोडमध्ये आहे, की माझ्यातच?

कन्नडहून आईचा फोन आला. तिला थेंबाचं सांगितलं, तर म्हणाली, "अगं, तेल कधी पाण्यात विरघळतं व्हय?"

मनात म्हटलं, माझ्याकडं विरघळतं, आई.

मग गाईडसरांना लिहिलंच, की मी हा विषय सोडते. ते थांबवतील, निदान रागावतील, असं वाटलं होतं. लगेच उत्तर आलं, "ठीक आहे."