हिंदुरावकाकांची अंघोळ आणि जपानचा समुद्र

मोशी, रविवार

ती. विजयश्रीआत्या,

दिव्याचा साष्टांग नमस्कार. बार्शीच्या थंडीत तुझा गुडघा कुरकुरत असेल, तर तेल लाव. लावलं असं नुसतं कळवू नकोस. इथे आजारी कोणी नाही. बोलत मात्र कोणीच नाही, आणि ते माझ्यामुळे. (फोनच केला असता, पण तुझे बंधुराज, आमचे अण्णा, शेजारीच बसलेत.)

आत्या, मला संशोधनाच्या बोटीवर बोलावलंय! जपानजवळ, समुद्राच्या तळाचं तापमान मोजायला! शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. अण्णांना नुसतं सांगण्यापेक्षा काम काय आहे ते दाखवावं, असं मला वाटलं. तिथे समुद्राचा तळ शेजारच्या भूभागाखाली सरकत खोल जातो आणि जाताना तापतो. पण त्याच्या वरच्या भेगाळ खडकातून पाणी फिरत असतं. ते खोलवरची उष्णता उचलून वर, समुद्राच्या बाजूला आणून टाकतं. म्हणून खोल भाग हिशेबापेक्षा गार निघतो आणि वरचा गरम. मोठा भूकंप कुठवर पसरेल हे बरंचसं या तापमानावर ठरतं. (हे वाचून घाबरू नकोस. मी घाबरते तेवढं पुरे.)

आणि हे सगळं आमच्या सोसायटीत आहे! गच्चीवर सोलर (तेच माझं तापलेलं पाताळ, फक्त उलटं, वर), खाली तळमजला (ती समुद्राची बाजू), आणि गरम पाणी नळांतून सतत फिरवणारा एक पंप. पंप बंद केला, की उष्णता गच्चीकडे साठणार आणि तळमजला गार पडणार. मी चेअरमनना विचारलं आणि लिफ्टमध्ये सूचनाही लावली: ‘प्रयोगानिमित्त शनिवारी सकाळी उष्णजल-अभिसरण स्थगित राहील.’ शाळेत नाव घालण्याआधी अक्षरं तूच गिरवून घेतलीस आत्या, पण असलं मराठी लिफ्टमध्ये कोणी वाचत नाही, हे नाही सांगितलंस.

शनिवारी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सुभद्राबाई म्हणाल्या, “नळाखाली चहाच ठेवते आता.” तळमजल्यावर हिंदुरावकाका साबण लावून बसले होते. मी दाराबाहेरून, आनंदाच्या भरात ओरडले, “काका, किती गार आहे?”

“बर्फ हाय बर्फ! कोण इचारतंय?”

(मी ‘बर्फ’ असं लिहून घेतलं, आणि मग काका साबणासकट कुडकुडताहेत हे लक्षात येऊन मला रडू आलं.)

संध्याकाळी मीटिंग. मी जपानच्या समुद्रतळाचं सगळं समजावलं, फक्त बोटीचं सोडून. काका म्हणाले, “पोरी, तुझं पाताळ तिकडं जपानात ठेव. आमच्या मोरीत न्हाई पायजे.” मी माफी मागितली, मग न राहवून सगळ्यांना आलेख दाखवला, मग त्याची माफी मागितली. तेवढ्यात अण्णा उठले. “काका, उद्या अंघोळीला आमच्याकडे या, पाणी मी तापवतो. पण पोरीचं म्हणणं खरं निघालं का नाही, तेवढं सांगा.”

काकांनी जरा विचार केला. “निघालं की. अंगावरचा काटा अजून हाय.”

घरी येऊन मी अण्णांना बोटीचं सांगितलं. तेव्हापासून ते गप्प आहेत.

तुझी,
दिव्या

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच अण्णा म्हणाले, “दोन स्वेटर घे. जास्तीचा मी आणतो.” (हा होकारच ना?)

आणखी ता. क. म्हणजे आता नाही म्हणणारं घरात कोणी उरलं नाही, आणि आता मीच घाबरलेय. मला निगडीच्या बसमध्येसुद्धा मळमळतं. समुद्र मी एकदाच पाहिलाय, अलिबागला, तोही पाय भिजू नयेत म्हणून लांबून. अण्णांची समजूत घालायला तुला बोलवावं म्हणून पत्र लिहायला घेतलं होतं. आता माझी घालायला ये. ‘जा’ म्हणू नकोस, त्यावर मी वाद घालीन. सरळ माझी बॅग भरायला बस.