डावा गाल माझ्या धारेचा

रवि. ७ डिसें.
शुद्धलेखन चुकणार, आधीच सॉरी. नववीतच शाळा सोडली. टाइप पण एका अंगठ्याने करते, मनातलं पुढे निघून जातं नि अंगठा मागे राहतो.

आज पण मुलुंडला, सबनीस काकांच्या गच्चीवर. रविवारी वस्तऱ्याने दाढी करणारे पाच-सहा जण जमतात तिथे, आपापले धार लावायचे दगड नि चामड्याचे पट्टे घेऊन. हौस म्हणून. मी एकदा काकूंच्या साड्यांना फॉल लावून द्यायला गेलेले, बघत उभीच राहिले. काकांनी काही विचारलं नाही. एक गंजका वस्तरा नि दगड पुढे सरकवला, बस. तेव्हापासून जाते. तिथे मला कोणी बोल बोल करत नाही.
दगडावर पाणी, पाण्यावर वस्तरा. सर्र... सर्र... पाणी हळूहळू दुधासारखं होतं. मी कुठे असते मलाच कळत नाही.
काका म्हणाले, "चमकतेय ना, ती धार नाही. दिसेनाशी झाली की समज लागली."

मंगळ. ९
आईने हात पकडला. मनगटाच्या वर केस नाहीत, चौकोनी टक्कल. धार लागली का बघायला तिथेच फिरवते. आई म्हणे, लूत लागलेल्या कुत्र्यासारखी दिसतेस. मला हसूच आलं.
गच्चीवरचा नियम: धार ज्याची, पहिली दाढी त्याची. मला दाढी कुठून येणार. म्हणजे कोणीतरी गाल द्यायला हवा. तोपर्यंत माझा वस्तरा म्हणजे नुसतं लोखंड. पप्पांना विचारलं. "नको गं बाई. ड्युटीवर जायचंय, सुपरवायझरला तोंड दाखवायचंय मला."

रवि. १४
आज सगळ्यांसमोर विचारलं. कोणी करेल का माझ्या धारेने. एवढंच, पण विचारलं. तो आयटीवाला रोहनदादा म्हणाला, "थांब, आधी विमा काढून येतो." सगळे हसले. मी पण. काका नाही हसले.
मग वाट लागली. पट्ट्यावर वस्तरा पाठीकडून ओढायचा असतो, धार मागे. हे मला झोपेत पण येतं. कान तापलेले, मी उलटा ढकलला. काकांचा पट्टा. त्यांच्या वडिलांचा. मधोमध चीर.
काकांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. ओरडले असते तर बरं.
मी तशीच खाली पळाले. चपला वरच राहिल्या.

रवि. २१
नाही गेले. फॉल लावत बसले.
दुपारी झोप लागली. स्वप्नात माहुल, आत्याकडची खाडी. ओहोटी. सगळा चिखल पट्ट्यासारखा लांबच लांब, चीर कुठेच नाही. मी अनवाणी चालत होते, पाय बुडत नव्हते. लांब कोणीतरी वस्तरा फिरवत होतं, सर्र, सर्र, आणि पाणी आत येत होतं...
संध्याकाळी काकांचा मेसेज. "चपला इथे आहेत. चीर घासून बसवली. पट्टा चालतो."
खूप वेळा वाचला.

रवि. २८
गेले. चपला दाराशी, कोणीतरी जोडीने नीट लावून ठेवलेल्या. पट्ट्यावरची चीर अजून बोटाला लागते. दिसत नाही पण लागते.
सकाळभर दगडावर होते. मग वस्तरा उन्हात धरला. धारेची रेघ दिसेना. फिरवून बघितला. नाहीच.
काका स्टुलावर बसले. साबण फेसला, गालांना लावला, हात पुढे केला. "दे."
रोहनदादा पण जवळ सरकला.
रीत अशी की नवीन धार डाव्या गालाला, उजवा आपल्या नेहमीच्या वस्तऱ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठला गाल जळजळतो त्यावर निकाल. तोपर्यंत बरं-वाईट काही बोलायचं नाही.
डावा गाल झाला. आवाज दुधावरची साय बाजूला केल्यासारखा, म्हणजे जवळजवळ नाहीच.
मग काकांनी त्यांचा वस्तरा उचललाच नाही. माझाच धुतला नि उजव्या गालावर ठेवला.
"काका, वस्तरा बदला की," रोहनदादा म्हणाला.
"हं," काका म्हणाले. नाही बदलला.
आता उद्या सकाळी कुठला गाल कशाशी ताडून बघणार? विसरले असतील. नाहीतर ताडायची गरजच वाटली नसेल...

सोम. २९
गच्चीवाल्यांच्या ग्रुपवर काही नाही. फॉल लावतेय, एक डोळा फोनवर. काकांची अंघोळ, दाढी वगैरे एव्हाना उरकली असेल. काल दोन्ही गाल केले, आज करतील का? कशाने?
मनगटावरचे केस परत यायला लागलेत. हात फिरवला की मऊ लागतं.
टिंग वाजलं. सुई बोटात गेली.
माहुलच्या आत्याचा मेसेज, काकांचा नाही. तिचं लग्न ठरलं. नवरा खारदांड्याचा आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.