शनिवारचं लोखंड

वाशीम, शनिवार, २२ जानेवारी १९४४

दुर्बिणीची लोखंडी तिवई आज अनसिंगच्या नामदेवला द्यायची होती. भाजीचा मळा सांभाळून तो आणि त्याचे सोबती आकाश पाहतात. माझ्याच्यानं ती आता उचलवत नाही. अंगणात पडून आहे, बायको तिच्यावर धुणं वाळत घालते. माझं लाकडी तिवईवर भागतं.

बैलगाडी घेऊन आला खरा, पण ऐनवेळी अडला. "मास्तर, शनिवारी लोखंड घरी नाही नेत आमी."

मी हसलो. "अरे, शनीचं कडं दुर्बिणीतून पाहिलंस ना तू?"

"पाह्यलं म्हनूनच त!"

राहिला मुक्कामाला. अंधार पडल्यावर दोघांनी मिळून दुर्बीण त्याच तिवईवर चढवली. लाकडीवर शनी सारखा थरथरतो. आज ढिम्म हलला नाही, कडं कसं स्वच्छ! मी डोळा काढीचना. खरंच द्यायची का ही?

नामदेवनं ओळखलं. "राहू द्या मास्तर, तुमालेच लागते."

छे! सकाळपर्यंत मी अडगळच तर देत होतो. "उद्या रविवार आहे," म्हटलं, "पहाटेच बैल जुंप."

उद्या आठवणीनं बायकोला धुण्यासाठी दोरी बांधून द्यायची.